बूढापाऱ्याच्या वेढ्याची व नाट्यपरीक्षणाच्या बचावाची हकीकत

श्रीगजाननचरणी मस्तक ठेवून लिहिणे ऐसे जे, रायपूर शहर नव्या राज्याची राजधानी जाहले, मंत्री आले, बंगले उठले, आणि तेथील बूढापारा मोहल्ल्यात राजेश्री शिशिरपंत संपादक यांनी एका खोलीत एक संगणक मांडून 'तलावकाठ' नामे बातम्यांचे संकेतस्थळ वसविले. फौज म्हणावी तर आपण व कुटुंब मीनलबाई. बाणा मात्र थोर: चढविला मजकूर काढणे नाही, लिहिणाराचे नाव फोडणे नाही. नगरसेवकाने डोळे वटारिले, तरी अक्षर हलले नाही.

ऐशियात गणेशोत्सव आला आणि मराठी मंडळींनी तीन अंकी नाटक केले. नायक तेलीबांध्याचे गंगाधरराव, रेल्वेतून निवृत्त, भूमिका कॉलेजकुमाराची. आणि तेच मीनलबाईंचे तीर्थरूप. मीनलबाईंनी नाटक पाहिले, आणि न राहवून परीक्षण लिहिले की, नायकाहून प्रॉम्प्टरचे काम सरस, त्याचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. खाली घातले 'आमचे प्रतिनिधी', आणि धन्यास शपथ घातली की, बाबांस कळता कामा नये. हाय हाय, जावयाने शपथ घ्यावी आणि सासऱ्याने लेख वाचावा, हे संकट वैऱ्यावरही येऊ नये!

दुसरे दिवशी गंगाधरराव कोपायमान होऊन, दिग्दर्शक नरहर व नायिका पद्मिनीबाई ऐसे सरदार संगे घेऊन, स्कुटरांवर स्वार होऊन बूढापाऱ्यावर चालून आले, आणि मग सोफा काबीज करून फर्मान सोडिले की, लेख आत्ताचे आत्ता काढावा, नाही तर तो प्रतिनिधी हुजुरात हजर करावा. दोन्ही न घडे तर या घरचे पाणी आम्हांस वर्ज्य. चहा आला, तो फिरविला. पोहे आले, त्यांकडे बहुत वेळ पाहिले, आणि मग तेही फिरविले.

शिशिरपंत खिंडीत सापडले. नाव सांगावे तर बापलेकीत वितुष्ट, लेख काढावा तर 'तलावकाठ'ची अब्रू जाते. अखेर नाव पोटातच ठेवून, डोळे मिटून, लेख पुसण्यास माउसवर हात घातला.

तो मीनलबाई हाती झारा घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर पडल्या आणि गरजल्या, "हात काढा तिथून! बाबा, म्या लिहिलं थे. तुम्ही नुसते ओठ हालवून राहिले होते, अन् बोलून राहिला होता प्रॉम्प्टर. खोटं कशी लिहू मी?"

नरहर छताकडे पाहू लागले. गंगाधररावांचा चेहरा लाल जाहला, मग उतरला, मग त्यांनी चष्मा लावून लेख पहिल्यापासून पुन्हा वाचिला, आणि एकाएकी जावयावरच उसळले, "काहून हो जावईबुवा? माह्या पोट्टीनं लिहिलं, अन् तिचं नाव नाही टाकलं? प्रतिनिधी कोण थो?"

मग तह जाहला. लेख जागचा हलला नाही, खाली मीनलबाईंचे नाव चढले, पोहे पुन्हा गरम केले. 'तलावकाठ'ची फत्ते जाहली. आणि त्याच दिवशी गंगाधररावांनी नागपूर, बिलासपूर, दुर्ग येथील समस्त सोयऱ्यांस मोबाइलवरून लेख रवाना केला, वर मजकूर येणेप्रमाणे: "लेखिका आमची पोट्टी. नायक आम्ही. सगळ्यांनी वाचणे."