दहा तासांचं इंजिन

छोट्या शर्यतगाड्यांची इंजिनं दर दहा तासांनी उघडून, पिस्टन आणि रिंगा बदलून नवी करावीत, असा ठराव शर्यत मंडळाने एकमताने संमत केला. मंडळात एकानेही कधी इंजिन उघडलं नसल्यामुळे मतभेदाला वाव नव्हता.

भाचीच्या हाकांमुळे अख्ख्या गल्लीचा मामा झालेल्या मिस्तरीला ठराव पटला नाही. लांब पान्याचं एक टोक इंजिनाला टेकवायचं, दुसरं कानाला, आणि ऐकायचं, ही त्याची तीस वर्षांची रीत. "भूक लागली की ते मागतं," तो म्हणे. "न मागता भरवलं की अजीर्ण होतं." पण भाचीचं छोट्या गटातलं हे शेवटचं वर्ष. रविवारची शर्यत चुकली, तर पुढच्या वर्षी वय आडवं येणार होतं. मामाने मुकाट्याने इंजिन उघडलं, नवा पिस्टन बसवला आणि तास मोजणारं घड्याळ शून्यावर आणलं.

नियमानुसार नवं केलेलं इंजिन चार तास चालवून रुळवायचं होतं. तेही झालं. मग तपासणीची रांग. थंड इंजिनाची तपासणी ग्राह्य नसल्यामुळे रांगेत ते चालूच ठेवणं बंधनकारक होतं. रांग सहा तासांची निघाली.

खिडकीतल्या तपासनिसाने घड्याळ पाहिलं. "दहा भरले. उघडा."

"साहेब, त्यातले सहा तुमच्याच रांगेत गेले."

"कुठे गेले, हा रकाना फॉर्मवर नाही."

"मग रांगेत बंद ठेवू का?"

"थंड होईल. थंड चालत नाही."

"आणि गरम?"

"गरम चालतं. दहा भरायच्या आत आणा."

गुरुवारी उघडलं, शुक्रवारी उघडलं. शनिवारी ते पहाटेच रांगेत गेले, तर सगळं गाव पहाटेच आलेलं. तोवर पाना भाचीच्याच हातात गेला होता.

"मामा, मी यात बसणार कधी?"

"आधी त्याला पास होऊ दे."

"ते पास होईस्तोवर मला नातवंडं होतील."

रविवारी सुरुवातीच्या रेषेवर एकही गाडी नव्हती. चषकावर नाव कोरायचं तेवढं उरलं होतं, प्रमुख पाहुणे खुर्चीत बसले होते. सबब, शर्यत इंजिन उघडून जोडण्याची घ्यावी, असं मंडळाने ठरवलं. एकमतानेच. आठवडाभराच्या सरावामुळे भाची पहिली आली. हे नियमाचं यश असल्याचं अध्यक्षांनी नमूद केलं.

चषक काखेत मारून ती मंचावरून खाली उतरली. तिचं इंजिन अजून फुरफुरत होतं. "मामा, हे धावलं असतं?"

मामाने पाना कानाला लावला. दुसरं टोक इंजिनाला टेकवलं.

"धावलं असतं," तो म्हणाला. "गेल्या सोमवारीही धावलं असतं, न उघडता."

शर्यत कुठे गेली, असं प्रेक्षकांपैकी कोणी विचारलं नाही. टाळ्या संपताच सगळे घाईने उठले. प्रत्येकाचा कुठल्या ना कुठल्या खिडकीपुढे नंबर लागलेला होता. तुमचाही असेलच. जा, पण धुगधुगी चालू ठेवा. थंड झालात तर पुन्हा पहिल्यापासून.