बोअरचं पाणी आणि काकूंची चमकी

“मी आता जे सांगणार हाय, ते तुमच्यापैकी एकालाबी पटणार न्हाय,” असं म्हणून गुरप्पांनी चादरींच्या गठ्ठ्यावर बैठक मारली आणि ते सगळ्यांना पटवायच्या उद्योगाला लागले.

पटवणं भागच होतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या त्यांच्या कारखान्यातले माग सकाळपासून मुके होते. त्यांचा पुतण्या अनिलकुमार कॉलेजात रसायन शिकवतो. आदल्या संध्याकाळी त्यानं कारखान्याच्या बोअरचं पाणी बाटलीत भरून नेलं, आपल्या यंत्रावर तपासलं आणि आज सकाळी, जे काकांच्या कानात सांगायचं ते फाटकात उभं राहून सगळ्यांना सांगितलं. पाण्यात शिसं आहे, पिऊ नका. एवढं बोलून गाडीला किक मारून लेक्चरला पसार.

कामगारांचं म्हणणं सरळ होतं. प्यायला दुसरं पाणी आणा, मग माग चालू. पण दुसरं पाणी आणलं की बोअरमध्ये खोट आहे हे कबूल केल्यासारखं होतं. मग ती खोट आली कुठून, कारखान्यामागच्या खड्ड्यात रंगाचं पाणी कोण सोडतं, असल्या नसत्या चौकशा निघतात. त्यापेक्षा यंत्रालाच खोटं पाडणं सोयीचं. आणि एखाद्याला खोटं पाडण्यात गुरप्पांचा हात धरणारा अख्ख्या सोलापुरात नव्हता.

त्यांनी आधी यंत्र समजावलं. अनिलकुमार जिला इलेक्ट्रोड म्हणतो ती एक काडी असते, टोकाला सोन्याचा ठिपका. ती पाण्यात बुडवायची, वीज सोडायची. पाण्यात शिसं असेल तर ते सोन्यावर जाऊन बसतं. मग वीज उलटी फिरवली की ते उठतं, आणि उठताना पडद्यावर डोंगर काढतं. डोंगर जेवढा उंच, शिसं तेवढं जास्त. इथवर सगळं खरं होतं. गुरप्पा सुरुवातीला थोडं खरं बोलून घेत, म्हणजे पुढं मोकळं होता येतं.

पुढं असं झालं म्हणे, की त्या काडीची किंमत ऐकून गुरप्पांना संशय आला. दुकानदारानं पोराला फसवलं असणार. म्हणून काडी गुपचूप खिशात घालून त्यांनी महानंदाकाकूंसकट नवी पेठ गाठली. सराफाला कसोटीवर सोनं घासून बघायचं होतं, पण ठिपका प्लास्टिकात रुतलेला. त्यानं पक्कड लावून उपटला. सोनं अस्सल निघालं, पण परत काडीत बसेना. सराफ माणूस पापभीरू. सोनं वाया जाऊ नये म्हणून त्यानं तिथल्या तिथं त्याची चमकी केली, मागं फिरकी झाळली आणि काकूंनी ती नाकात घातली.

“काल रात्री अनिल आला यंत्र घेऊन माझ्या स्वयंपाकघरात,” गुरप्पा म्हणाले, “आन् काडी बघतोय तर पुढं भोक. रडायलाच लागला की.”

“मग काकूंनी चमकी काढून दिली असंल,” मागांची देखभाल करणारा जॉबर भिमा म्हणाला.

“सवाशीण बाई नाकातलं काढती व्हय रे?”

बाई काढेना, तेव्हा बाईसकट बुडवायचं ठरलं. चमकीला चिमटा, चिमट्याला वायर, आणि काकूंचं नाक पातेल्यात. शिसं बसायला वेळ लागतो, तोवर श्वास रोखायचा. पहिल्यांदा काकूंना ठसका लागला, तर पडद्यावर डोंगररांग उमटली. दुसऱ्यांदा त्या पातेल्यातूनच भाजीला मीठ टाकलं का विचारायला लागल्या, तर यंत्र बंद पडलं. तिसऱ्यांदा मात्र एकच सुळका निघाला. शिसं! पण ते पाण्यातलं नव्हतं. सराफानं फिरकी झाळली होती ना, त्या झाळेतलं होतं.

माणसं हसून बेजार झाली. गुरप्पांनी घसा ओला करायला विकतच्या पाण्याची बाटली उघडली.

“मालक, तुमी बोअरचं का पीत न्हाय?” समोर बसलेल्या काशम्मानं विचारलं. ती मागासाठी सुताच्या कांड्या भरायची आणि दिवसभर तेच पाणी प्यायची. घरी पोरांसाठीही तिथूनच कॅन भरून न्यायची.

“मला डॉक्टरांनी हलकं पाणी सांगितलंय. तुमची पोटं दणकट हायत.”

एवढ्यावरही माणसं हसली. गुरप्पांना कळलं, जमलं आपलं. भिमा उठून मेन स्विचकडं निघालाही. लोकांना पटलं होतं अशातला भाग नव्हता. पण इतकी मजा दिलेल्या माणसाशी लगेच भांडायचं कसं?

नेमकी तेव्हाच फाटकात रिक्षा थांबली आणि गुरप्पांचा डबा घेऊन साक्षात महानंदाकाकू उतरल्या. सगळ्या माना एकदम त्यांच्या नाकाकडं वळल्या. आपल्या तोंडाला पीठ लागलंय की काय, म्हणून काकूंनी पदरानं गाल पुसले.

काशम्मा उठली. डबा धरायचं निमित्त करून अगदी जवळ गेली. काकूंच्या नाकाची डावी बाजू पाहिली. मग वळसा घालून उजवी पाहिली. मग कारखान्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण आवाज न चढवता म्हणाली,

“मालक, काकूंचं नाक टोचलेलंच न्हाय की. मग शिसं कुणाच्या नाकातनं आलं?”