एकेचाळीस हात तीन बोटे

श्री. वाहत्या पाण्यास नमन, आणि त्यास मोजू पाहणाऱ्या मनुष्यबुद्धीस क्षमा. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, श्रावण वद्य नवमीचे दिवशी जलकचेरीच्या तक्त्यावर धरणाच्या पाण्याचा आकडा एकेचाळीस हात तीन बोटे ऐसा होता. आदले दिवशी तोच होता. त्याचे आदले दिवशीही तोच. पौर्णिमेपासून नऊ दिवस पाऊस उघडला नव्हता आणि आकडा एक बोटही हालला नव्हता, हे त्या सकाळी सगुणाबाईंचे ध्यानी आले.

त्याचा मजकूर ऐसा की, त्या दौलतीत (नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही) धरणे, दिवे, रस्ते अवघे यंत्रांचे स्वाधीन केले होते. यंत्रास माणसाचे लिहिणे कळत नाही, याजकरिता मध्ये कंपायलर नामे दरवाजा होता. लिहिलेले हुकूम त्या दरवाज्यात शिरावे, तपासले जावे, यंत्राचे भाषेत घडावे, आणि मग एक फर्मान होऊन मोहिमेस निघावे, ऐसी रीत होती. सगुणाबाई कचेरीच्या मुख्य, गणितात निष्णात, बोलणे थोडे. त्यांनी पाहिले की धरणावरील हवालदार लोक पाणी जाणतात परंतु यंत्रास हुकूम लिहिणे त्यांस साधत नाही, मग त्यांनी चाळीस शब्दांची पाणबोली निर्माण केली. हवालदाराने इतकेच लिहावे, ‘आजचे पाणी चव्वेचाळीस हात झाले तर दोन दारे उघड’, आणि दरवाज्यातच बाईंनी बसविलेले हुकूम जागे होऊन त्या एका ओळीच्या शंभर करीत, आणि चूक असेल तर मोहिमेपूर्वीच धरीत. पूर्वी एक पहारेकरी ताडी पिऊन दार उघडून निजला होता, म्हणोन बाईंनी बोलीत हाही नियम घातला की फर्मान चालू असता दारे हाताने उघडण्याचे हातचक्र फिरू नये. सरकार बहुत खुश जाहले, बाईंस शाल दिली.

मग दिवेवाल्यांनी दिवाबोली केली, घाटवाल्यांनी घाटबोली, कालवेवाल्यांनी पीकबोली, ऐशा सोळा बोल्या पाणबोलीच्या खांद्यावर उभ्या राहिल्या, आणि सर्वांचे मिळून एकच फर्मान शिवले जाऊ लागले. एकाची बोली दुसऱ्यास कळेना. जो दरवाजा दोन पळांत पार होत असे त्यास दोन प्रहर लागू लागले. तेव्हा नित्य सकाळी फर्मान नवे घडविण्याची चाल होती ती मोडली, आणि याच पौर्णिमेपासून पंधरवड्यास एकदा ऐसे ठरले.

दरवाज्याचे अंमलदार नीळकंठपंत, वृद्ध, फटकळ. ते सहा वर्षांमागे बोलले होते, “बाई, दरवाज्यात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दरवाज्यातच मिळते. पुढे प्रश्न उरत नाही, आकडा उरतो. या बोल्या मोडा, साधे हुकूम लिहवा.” बाई म्हणाल्या, “पावसाळा सरल्यावर पाहू.” ऐसे सहा पावसाळे सरले.

आता बाईंनी घडलेले फर्मान उकलून पाहिले. ‘आजचे पाणी’ हे शब्द त्यात कोठेच नव्हते. पौर्णिमेस दरवाज्याने पाणी विचारले, उत्तर आले ते दगडावर कोरावे तैसे कोरले, आणि तेव्हापासून यंत्र तोच दगड वाचीत होते. नित्य फर्मान घडे तोवर आकडा फार तर एका दिवसाचा शिळा, म्हणोन अकरा वर्षे कोणाचे नजरेस आले नाही. चूक दुसऱ्या कोणाची नव्हती. दरवाज्यातच पाणी विचारणारी ती ओळ बाईंच्या हातची होती.

इतक्यात धरणावरून रायाजी हवालदाराचा फोन आला. “बाईसाहेब, पाणी सेहेचाळीस हात. भिंत पन्नास.”

“आधी का नाही कळविलेत?”

“रोज कळवितो की! तुमच्या कचेरीतून रोज उत्तर येते, यंत्र एकेचाळीस म्हणते, तुम्ही पुन्हा मोजा. मोजून मोजून डोळे गेले, बाईसाहेब. खालच्या वाडीत माझी आई आहे. पूल बुडाला. निम्मी माणसे टेकडीवर, निम्मी अलीकडे वाडीतच अडकली.”

बाईंनी ओळ सुधारली आणि फर्मान पुन्हा दरवाज्यात घातले, या आशेने की वाडीही राहावी आणि बोलीही राहावी. दोन प्रहर गेले. मग दरवाज्याने फर्मान परत फेकले, की ओळ चौदाशे बारावी अशुद्ध. ती ओळ कोणी माणसाने लिहिली नव्हती, बोल्यांनी बोल्यांतून घडविली होती. सोळा बोल्यांचे सोळा कर्ते तीभोवती जमले आणि एकासही ती वाचता येईना. बाईंसही येईना.

पंत म्हणाले, “शाल पांघरून बसा आता.” आणि लगेच खाली पाहून म्हणाले, “चुकलो, बाई.”

रायाजीचा फोन पुन्हा आला. “अठ्ठेचाळीस. देवळाची पायरी दिसत नाही. सकाळी दोन दारांत भागले असते, शेते गेली असती इतकेच. आता पाच उघडली तर घरे जातील. न उघडली तर भिंत फुटून माणसे. चक्र फिरत नाही, बाईसाहेब. आम्ही सहा जण लटकलो त्यास.”

फर्मान मागे घेतल्यावाचून चक्र सुटणार नव्हते, आणि मागे घेतले तर दिवे, घाट, कालवे एकदम थांबणार होते. अवघे पुन्हा साध्या भाषेत लिहिण्यास बाईंचे उरलेले आयुष्य पुरणार नव्हते. अकरा वर्षांची बोली, तिच्या खांद्यावरच्या सोळा, सहा पावसाळे टाळलेला एक शब्द, आणि नऊ दिवस न हाललेला आकडा, येणेप्रमाणे जाहले, यात अधिकउणे नाही. मग बाई उठून उभ्या राहिल्या, आणि सर्वांस ऐकू जाईल ऐशा स्वरे बोलल्या, “पंत, फर्मान मागे घ्या. पाणबोली मोडली. रायाजी, चक्र फिरवा. पाचही.”