पत्रिकेतली अनुक्रमणिका

लग्नपत्रिकेला कधी अनुक्रमणिका असते का? हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावात एकीला होती, निदान छापायच्या आधी तरी. बाबाराव काकांनी केलेली.

काका माझे शेजारी. तहसीलमधून कारकून म्हणून निवृत्त झालेले, एकटा जीव. किराणा, पेरणी, कुणाला ताप आला, सगळं ते लॅपटॉपवर एका साध्या मजकुराच्या एडिटरमध्ये लिहितात. रंग नाहीत, बटणं नाहीत. ओळीआधी एक चांदणी, म्हणजे * ही खूण, टाकली की मथळा, दोन टाकल्या की पोटमथळा. सेटिंगची फाईल स्वतःच लिहितात आणि स्वतःच बिघडवतात. मग शांतपणे म्हणतात, "यंत्र बराबर हाये, आपलं सांगणं चुकून राहिलं."

पुतणी पूजाचं लग्न ठरलं. तिचे वडील, म्हणजे काकांचे थोरले भाऊ, ती लहान असतानाच गेले. हिंगोलीच्या छापखान्यात पत्रिकेचे तयार नमुने होते. काकांनी बजावलं, मजकूर मीच पीडीएफ करून देणार, त्यात कुणी हात घालायचा नाही.

पहिल्या पीडीएफमध्ये अक्षरांऐवजी नुसते चौकोन. काकांनी सेटिंगमध्ये मराठी फॉन्टचं नाव घातलं. अक्षरं आली, पण वर अनुक्रमणिका, आणि मथळ्यांना आपोआप आकडे: १ वधू, १.१ वर. नवरदेवाआधी एक चांदणी जास्त पडली होती, त्यामुळे तो नवरीचा पोटमथळा झाला होता. पूजा म्हणाली, असूच द्या.

तेवढ्यात सेनगावहून आलेल्या तिच्या मामांनी पडद्यावर वाचलं आणि ते गंभीर झाले. निमंत्रक म्हणून एकच नाव होतं, कांताबाई. पूजाची आई. विधवेच्या नावानं लग्नाचं बोलावणं जात नाही, काकांनी स्वतःचं नाव टाकावं, असं मामांनी समजावलं. छापखान्याच्या नमुन्यात तर एकट्या बाईच्या नावानं बोलावणं घालायला जागाच नव्हती. काकांना तो नमुना काहून नको होता, ते मला तेव्हा कळलं.

"पोरगी वहिनीनं वाढवली," काका पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "बोलावणं त्यांच्याच नावानं जाईल. ज्याला पटत न्हाई त्यानं जेवायला येऊ नये."

मामा चहा न घेताच गेले. काकांनी जास्तीची चांदणी खोडली, अनुक्रमणिका आणि आकडे बंद करायच्या ओळी लिहिल्या आणि फाईल पाठवून दिली.

पत्रिका छापून आल्या तेव्हा वहिनी बराच वेळ आपल्या नावावर बोट ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं नाव कुठंच न्हाई."

"मला बोलवा ना," काका चप्पल शोधल्यासारखं करत म्हणाले. "एकट्या माणसाला पत्रिका कोण देतं? सगळे तोंडीच सांगून जातात."

वहिनी आत गेल्या. पहिल्या पत्रिकेला हळदकुंकू लावलं, पाकिटावर काकांचं नाव घातलं आणि बाहेर येऊन ती दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं केली. काका खाली बसले, चष्मा पुसला आणि स्वतःच लिहिलेला मजकूर पहिल्या ओळीपासून सावकाश वाचू लागले.