बोलावणाऱ्याला बोलावणं

आमच्या गल्लीतले अंबादासआबा नुसता चहा कधी पीत नाहीत, चहाबिहा पितात. पाटोद्याच्या डॉक्टरांनी एकदा विचारलं, "खोकला आहे का?" आबा जरा विचार करून म्हणाले, "खोकला हाय, पन बिकला न्हाई."

"एकटा शब्द म्हंजे एका बैलाचं औत," असं त्यांचं म्हणणं. "चालंल का? जोडी लागती."

गेवराईच्या स्टँडसमोर हॉटेलवाल्यानं चहा आदळला आणि तो वळला. आबांनी त्याला परत बोलावलं. "चहा आला. बिहा कुठाय?" तो बावचळला. मग आबांनी त्याला समोर बसवून घेतलं. "चहा म्हंजे चहा. बिहा म्हंजे पानी इचारनं, कुठले पाव्हने, लेकरंबाळं कशी हायेत, हे इचारनं." मागं गिऱ्हाइकं खोळंबली होती. मी आबांना ओळखतच नाही, अशा चेहऱ्यानं भिंतीवरची भज्यांची पाटी वाचत होतो.

गावात आबांचा मान मोठा, कारण जेवणाचं आवतन तेच देतात. कार्य कुणाचंही असो, सकाळी ते दारोदार उभे राहतात. "चूलबंद आवतन हाय! लेकरंबाळं, पाव्हनेरावळे, समद्यांनी यायचं!" चूलबंद म्हणजे त्या घरात त्या दिवशी चूल पेटवायची नाही. पण तेवढ्यानं आमच्याकडं कुणी जागचं हलत नाही. पंगत बसताना दुसरी फेरी व्हावी लागते, "चला, पानं वाढली." हे बोलावणं. ते आल्याशिवाय गेलं तर लोक हावरट म्हणतील, म्हणून भले भले पोटात कावळे ओरडत असतानाही ओट्यावर बसून राहतात. आबांच्या लेखी हे सगळं मिळून एकच, आवतनबोलावणं.

यंदा आमची वास्तुशांत होती. मी शहाणपणा करून फोनवर पत्रिका धाडली. आबा तणतणत आले. "कावून वो मास्तर, जेवनबी फोनवरच वाढनार का?" मी शरण गेलो. त्यांनी दोन्ही फेऱ्या मारल्या आणि सारं गाव आलं. बांधावरून माझ्याशी अबोला धरलेला चुलतभाऊसुद्धा आला. आबांनी माझ्या नावावर त्याला काय गोडबीड सांगितलं, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी भांडी आवरताना बायकोनं विचारलं, "आबा जेवले का?"

"पहिल्या पंगतीत," मी म्हणालो.

"छे, मी पहिली वाढली. मला वाटलं, दुसरीत बसले."

दुसरी वाढणाऱ्या चुलतभावाला ते शेवटच्या पंगतीत असतील असं वाटलं होतं. मी तडक आबांचं घर गाठलं.

आबा ओट्यावर बसले होते. धुतलेलं धोतर, धुतलेली टोपी. आत सारवलेली चूल गार पडली होती.

"आबा, जेवायला का आला नाहीत?"

"आवतन मीच दिलं सौताला. चूल पेटवली न्हाई." मग हळूच म्हणाले, "बोलावनं न्हाई आलं."

मला हसूच आलं. "अहो, बोलावणारे तुम्हीच की!"

"व्हय. पन आमची मंडळी होती तवर मी गाव बोलावून घरी यायचो. ती दारात उभी ऱ्हायाची. म्हनायची, 'चला वो, गाव बसलं. आता तुमी चला.' मग आमी संगं जायचो."

काकू जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून प्रत्येक पंगतीला आबांनी गाव बोलावलं होतं आणि स्वतः उपाशी राहिले होते. आम्हा कुणालाच ते कळलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

मी ओट्याखाली उतरलो आणि दारासमोर सरळ उभा राहिलो.

"चला वो आबा, गाव जेवलं. आता तुमी चला."

आबांनी टोपी नीट केली, पण उठले नाहीत. "माझ्यासंगं कोन बसनार?"

"मी. मीही अजून जेवलो नाही."

हे धादांत खोटं होतं. दुपारी मी दोनदा बुंदी मागून घेतली होती, सदऱ्यावर पाकाचा डागही होता. आबांनी तो पाहिला आणि पायात चपला घातल्या.

बायकोनं दोन पानं वाढली. दुपारी मी नुसता जेवलो होतो. आबांशेजारी बसून जेवलोबिवलो.