मागची सीट

भगवानरावांनी मोटारसायकलची चाकं बदलायचं ठरवलं, तेव्हा यात चुकण्यासारखं काही नाही असं त्यांना वाटलं. (असं वाटलं, तिथंच त्यांनी सावध व्हायला हवं होतं.)

एरवी ते फार सावध. कॉलेजात अठ्ठावीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेला हा माणूस घराचं कुलूप तीनदा ओढून बघायचा आणि चौथ्यांदा ओढायला गल्लीच्या टोकावरून परत यायचा. पण तीन वर्षांपूर्वी एक घोटाळा झाला होता. दुसऱ्या महायुद्धातल्या, लष्करी लिलावात घेतलेल्या मोटारसायकलवर विमलबाईंना मागं बसवून ते नांदुऱ्याहून वडनेरला बहिणीकडे निघाले. वाटभर ते महागाईवर बोलले. विमलबाईंनी एकदाही मधे तोंड घातलं नाही, याचं त्यांना समाधान वाटलं. वडनेरला झुंबरबाईनं दारातच विचारलं, "दादा, वैनी कुठी?"

वैनी चार मैल मागं, एका खड्ड्यालगतच्या बोरीच्या झुडपात बसल्या होत्या.

"तुमच्या गाडीवर आता मी बसत नसते," विमलबाई म्हणाल्या. तीन वर्षं बसल्या नाहीत.

आता झुंबरबाईच्या मुलीचं लग्न निघालं. भगवानराव मुलीचे सख्खे मामा. मामा-मामी मांडवात एकाच गाडीवरून उतरले, तरच वडनेरकरांचं हसू थांबणार होतं. भगवानरावांनी दोष शोधला: पुढचा जुना स्प्रिंगचा फोर्क आणि काकडीसारखी बारीक चाकं. मलकापूरच्या भंगारात शर्यतीची एक परदेशी गाडी मोडून पडली होती. तिचा नव्या धर्तीचा, तेल भरलेला फोर्क आणि रुंद चाकं त्यांनी आणली. मग चौदा पानं गणित केलं, ते चारदा तपासलं आणि चारही वेळा उत्तर बरोबर आलं म्हणून धास्तावले.

हबीब मिस्त्री दोन महिने झटत होता. आधी फोर्क मानेत बसेना. बसला तर गाडी आभाळाकडे बघायला लागली. मग साखळी टायरला घासायला लागली.

"सर, मागचं चाक बसूनच नाही राह्यलं. चाक धरते थो चिमटा फाकवा लागन. अन् मडगार्ड त काढाच लागते."

"चिमटा किती फाकवणार?"

"पाऊन इंच."

"माझ्या नवव्या पानावर शून्य पूर्णांक बहात्तर शतांश आहे."

"मंग हातोडीले नववं पान दाखवतो, सर."

"मडगार्ड काढ. जुनं सामान कोणालाही दे, माझ्या नजरेला पडू देऊ नकोस!"

लग्नाच्या दिवशी सकाळी हबीबनं गाडी दारात आणली. भगवानरावांनी विमलबाईंसमोर पुढचा फोर्क वीस वेळा दाबून दाखवला. तो दर वेळी लोण्यासारखा खाली गेला. शेवटी विमलबाई विरघळल्या. नवं लुगडं सावरत, आहेराची पिशवी घेऊन बाहेर आल्या, गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली आणि थांबल्या.

"अवो, मी बसू कुठी?"

भगवानरावांनी पाहिलं. मागं रुंद, देखणं, काळंभोर चाक होतं. त्याच्यावर आभाळ होतं. मागची सीट मडगार्डावर होती आणि मडगार्ड तर निघालं होतं.

"हबीब! सीट कुठं आहे?"

"कागदावर सीट नव्हती, सर."

भगवानरावांनी चौदा पानं चाळली. तिसऱ्या पानावर विमलबाईंचं वजन होतं, सातव्यावर ते चाकांवर विभागलेलं होतं. त्या बसतील कुठं, हे कुठंच नव्हतं.

"अरे, पण तू बोलायचंस ना!"

"मले वाटलं, बाई बसतच नाहीत म्हून तुमी काढून राह्यले. साऱ्या नांदुऱ्याले मालूम हाये ते."

तेवढ्यात शेजारचे किसनराव दमणी जुंपून लग्नालाच निघाले. विमलबाई पिशवी घेऊन त्यांच्या बैलगाडीत चढल्या. भगवानरावांनी मान वर केली नाही. ते अजून अकराव्या पानात सीट शोधत होते.

वडनेरला ते तासाभरात पोचले. (चालवताना ते दर फर्लांगाला मागं वळून बघत होते. सवय.) मांडवाच्या तोंडाशी झुंबरबाई उभी होती.

"दादा, वैनी कुठी?"

सारा मांडव हसला. भगवानराव अक्षता लागेपर्यंत अंतर्धान पावायच्या विचारात होते. पण मुलीच्या मागं मामालाच उभं राहायचं असतं.

मुहूर्ताच्या थोडं आधी दमणी आली. विमलबाई ताज्यातवान्या उतरल्या.

"काय गाडी हाये हो किसनभाऊ! पोटातलं पानी हाललं नाही. वाटेत झोप लागली मले."

"चाकं रबराची हायेत ना, वैनी. अन् तुमी बसल्या थे सीटबी स्प्रिंगची. हबीबच्या दुकानासमोर पडेल होतं सारं. सरचंच सामान हाये."

विमलबाईंनी वाकून चाकं पाहिली. काकडीसारखी बारीक. मग त्यांनी सावकाश नवऱ्याकडे पाहिलं.

"म्हंजे," त्या म्हणाल्या, "दोष चाकाचा नव्हता."