बहुमताने पुसलेला आवाज

ब्लॉकचेन म्हणजे साठवण सगळ्यांची मिळून एक. प्रत्येकाकडे तिची प्रत, आणि सगळ्यांना विचारल्याशिवाय कुणी कशाला हात लावायचा नाही. त्यात फोटो, रेकॉर्डिंग असल्या बिनमहत्त्वाच्या गोष्टी किती ठेवायच्या, याचे नियम आमच्या इंजिनिअरने बसवले. निम्म्याहून जास्त लोक "नको" म्हणाले की ती गोष्ट सगळ्यांच्या फोनमधून कायमची गायब. "आधी घरात चाचणी घेतो. घरात पास झालं की जगात पास," असं त्याने साहेबांना ठणकावून सांगितलं. घर म्हणजे चार फोन: त्याचा, बायकोचा, बहिणीचा आणि आईचा.

इथेच माशी शिंकली. आईचा जन्म दुसऱ्यांना वाढण्यात गेलेला. फोनने "हे ठेवायचं का?" विचारलं की ती म्हणायची, "माझं कशाला? उगाच तुमची जागा अडते," आणि "नको" दाबायची. आईचं "नको" दिसलं की बहिणीचा आणि इंजिनिअरचा अंगठाही मुकाट तिकडेच. आईच्या शब्दाबाहेर जातंय कोण?

शनिवारी सकाळी इंजिनिअर खुशीत म्हणाला, "बहुमत झालं. अर्धी जागा एका झटक्यात मोकळी!"

चहा गाळता गाळता आई थांबली. "त्यात तुझ्या बाबांचा आवाज होता का रे?"

होता. बाबा गेले त्याच्या आदल्या वर्षी चुकून रेकॉर्ड झालेला. "अगं, हे चालू झालंय का? नाही वाटतं." पुढे खोकला. एवढंच. आई तो रोज दुपारी ऐकायची, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

"मग 'नको' का म्हणालीस?" इंजिनिअरने विचारलं.

"मला वाटलं, तुम्ही ठेवाल."

रडकुंडीला येऊन इंजिनिअरने साहेबांना फोन लावला.

"आता ब्रह्मदेव आला तरी परत येणार नाही," साहेब म्हणाले. "नियम फारच चोख बसवलात. शाब्बास."

बायको हात पुसत आली. "माझ्या फोनमध्ये असेल बघ. तुझं ते ॲप बॅटरी खातं, म्हणून पहिल्याच आठवड्यात बंद करून टाकलं मी."

आवाज सापडला. खोकला संपेपर्यंत कुणी हललं नाही. आईने पदराने डोळे टिपले, मग इंजिनिअरने बाहीने.

"आई, उद्यापासून नवा नियम. स्वतःच्या गोष्टीला तू 'नको' म्हटलंस तर ते मत धरायचं नाही."

"नको रे," आई म्हणाली, "माझ्यासाठी कशाला नियम बदलतोस?"

इंजिनिअरची आणि बहिणीची मान सवयीने डोलायला लागली. बायकोने नुसतं बघितलं, तेव्हा कुठे दोघांच्या माना थांबल्या.